मीठ, रेघ आणि तार: तीन बंधांचा तक्ता आला कुठून?

नेट, सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्या कुणाचीही वही उघडा, रासायनिक बंधांचा एक तक्ता त्यात असतोच. तीन रकाने: आयनिक, सहसंयुज, धात्विक. पहिल्यात इलेक्ट्रॉन दिला-घेतला, दुसऱ्यात वाटून घेतला, तिसऱ्यात तो सगळ्यांचाच झाला. खाली द्रवणांक, वाहकता, कठीणपणा आणि उदाहरणं: मीठ, पाणी, तांबं. तक्ता पाठ असला की मार्क मिळतात, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

अडचण पुढे येते. पीएचडीच्या मुलाखतीत समोरचे सर किंवा मॅडम एखादं संयुग देतात आणि विचारतात, "यात कोणता बंध आहे?" आपण मनातल्या मनात तक्ता उघडतो, आणि ते संयुग कुठल्याच रकान्यात बसत नाही. मग आपल्याला वाटतं की अभ्यास कमी पडला. बऱ्याचदा तसं नसतं. अडचण तक्त्याचीच असते.

हा तक्ता बघून असं वाटतं की कुणीतरी सगळे पदार्थ समोर मांडले, नीट निवडले आणि तीन ढीग केले. इतिहासात असं कधी घडलंच नाही. तीन वेगळ्या प्रकारच्या लोकांना तीन वेगळे प्रश्न पडले होते. त्यांनी आपापली उत्तरं शोधली, आणि ती उत्तरं नंतर शेजारी-शेजारी लिहिली गेली. हे एकदा कळलं की मुलाखतीतल्या त्या प्रश्नाकडे बघण्याची पद्धतच बदलते. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी एकच उत्तर होतं

१८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम हे धातू वेगळे केले. वीज संयुगं तोडू शकते, तर ती जोडतही असणार, असा विचार यातून पुढे आला. स्वीडनच्या बर्झेलियसने त्यावर अख्खं रसायनशास्त्र उभं केलं. प्रत्येक अणूचा कल धन किंवा ऋण, आणि प्रत्येक संयुग म्हणजे धन आणि ऋण भागांचं आकर्षण. एकच नियम, सगळ्या पदार्थांना लागू. मीठ, आम्ल, ऑक्साइड, सगळं त्यात छान बसत होतं.

मग फ्रान्समध्ये ज्यां-बातिस्त द्युमाने ॲसेटिक आम्लातल्या हायड्रोजनच्या तीन अणूंच्या जागी क्लोरिन बसवला. बर्झेलियसच्या हिशोबात हायड्रोजन धन आणि क्लोरिन ऋण. धनाच्या जागी ऋण आला, म्हणजे संयुगाचा स्वभाव पार उलटायला हवा, किंवा ते टिकायलाच नको. पण जे मिळालं ते ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल होतं आणि त्याची मूळ आम्लाशी चांगलीच जवळीक होती. १८४८ मध्ये मृत्यू होईपर्यंत बर्झेलियस आपल्या नियमासाठी लढत राहिला, पण सेंद्रिय रसायनवाल्यांनी तोवर त्याचा नाद सोडला होता.

पुढे त्यांनी वेगळीच वाट धरली. १८५८ मध्ये केकुले आणि कूपर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मांडलं की कार्बनची संयुजा ४ आहे आणि कार्बन कार्बनला जोडला जातो. दोन अणूंमध्ये रेघ काढायची पद्धत रुळली. १८७४ मध्ये व्हॅन्ट हॉफने त्या चार रेघा चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळवल्या. या रेघांच्या जोरावर रंग तयार झाले, औषधं तयार झाली. फक्त रेघ म्हणजे नक्की काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर विभागलं गेलं होतं. क्षारांवर काम करणारे विजेची भाषा बोलत होते आणि सेंद्रियवाले रेघांची. धातूंची वाहकता तर प्रामुख्याने भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अभ्यासली जात होती. आपले तीन रकाने इथूनच सुरू होतात.

मिठाचा प्रश्न

पहिला प्रश्न असा होता: मिठाचं पाणी वीज का वाहून नेतं? १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात स्वांते अऱ्हेनियस नावाच्या पंचविशीतल्या विद्यार्थ्याने द्रावणांच्या वाहकतेवर प्रबंध सादर केला. त्याला इतकी खालची श्रेणी मिळाली की तिथे शिकवण्याची वाट जवळपास बंद झाली. १८८७ पर्यंत त्याने स्पष्ट मांडलं की क्षार पाण्यात विरघळताच त्याचे आयन सुटे होतात, त्यासाठी बाहेरून वीज सोडावी लागत नाही. १९०३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. प्रबंध लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही, पण आपल्यासाठी महत्त्वाचं हे की त्याचा प्रश्न द्रावणाचा होता, बंधाचा नव्हता.

बंधाचं उत्तर १९१६ मध्ये जर्मनीत वाल्थर कोसेलने दिलं. राजवायूंची इलेक्ट्रॉन-रचना स्थिर असते. तिच्या मागचे आणि पुढचे अणू इलेक्ट्रॉन घेऊन किंवा देऊन तिथवर पोचतात आणि तयार झालेले आयन एकमेकांना ओढून धरतात.

त्याआधी, १९१३ मध्ये, लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांच्या मदतीने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली होती. त्या वेळी तो २३ वर्षांचा होता. स्फटिकात सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू कुठेच नव्हता. प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोरिन, प्रत्येक क्लोरिनभोवती ६ सोडियम. जोडपी नाहीतच, नुसती मांडणी. ज्यांचं आयुष्य रेणू मोजण्यात गेलं होतं त्यांना हे पचेना. हेन्री आर्मस्ट्राँग हे ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ तर १९२७ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, 'नेचर'मध्ये पत्र लिहून यावर तुटून पडले. पत्राचं शीर्षकच बिचाऱ्या मिठाची कीव करणारं होतं.

इथे एक आकडेमोड करून बघा, कारण आपल्या तक्त्यातलं एक वाक्य तिच्यात अडकतं. आपण लिहितो, "सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरिनला घ्यायचा असतो." वायुरूप सोडियममधून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल खर्च येतो. तो क्लोरिनला दिला की सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात सुमारे १४७ किलोज्यूलचा तोटाच आहे. सोडियम काही दानशूर नाही. व्यवहार फायद्यात येतो तो सुटे आयन एकत्र येऊन स्फटिक बनतो तेव्हा, कारण त्यात सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. हा सगळा हिशोब मांडायची पद्धत १९१९ मध्ये बॉर्न आणि हाबर यांनी दिली. बॉर्न-हाबर चक्र आपण गणित म्हणून सोडवतो, पण त्याचा अर्थ असा की आयनिक बंध हा दोन अणूंमधला खाजगी करार नसून अख्ख्या जालकाचं काम आहे.

रेघेचा प्रश्न

दुसरा प्रश्न सेंद्रियवाल्यांचा: रेघ म्हणजे काय? देण्याघेण्याने तो सुटत नव्हता. हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू अगदी सारखे, मग कोण देणार आणि कोण घेणार?

गिल्बर्ट न्यूटन लुईसच्या मनात याचं उत्तर बराच काळ घोळत होतं. १९०२ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवताना त्याने अणू घनाकृती काढून इलेक्ट्रॉन कोपऱ्यांवर बसवले होते. ते टिपण तसंच राहिलं. १४ वर्षांनी, १९१६ मध्ये, बर्कलीहून त्याचा निबंध आला आणि त्यात आपली ओळखीची कल्पना होती: रेघ म्हणजे दोन अणूंनी मिळून धरलेली इलेक्ट्रॉनची जोडी. कोसेलचं कामही त्याच वर्षीचं. दोघे स्वतंत्र, एकाच्या समोर मीठ आणि दुसऱ्याच्या समोर रेघ.

लुईसच्या त्या निबंधातली एक गोष्ट आपले गाईडबुकवाले गाळतात. त्याने दोन वेगळ्या जातींचे बंध मांडलेले नव्हते. जोडी अगदी मधोमध असेल तर एक टोक, एका अणूकडे पूर्ण सरकली तर दुसरं टोक, आणि बहुतेक संयुगं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे सहसंयुज बंधाची कल्पना जन्मली तेव्हाच आयनिकशी असलेली भिंत तिच्यात नव्हती. भिंत नंतर आली, शिकवायला सोपं पडतं म्हणून.

'सहसंयुजा' या अर्थाचा इंग्रजी शब्दही लुईसचा नाही. तो १९१९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या अर्व्हिंग लँगम्यूरने रूढ केला. लँगम्यूर उत्तम बोलायचा. त्याने ही कल्पना वाढवली, व्याख्यानांतून सगळीकडे नेली, आणि लोक सिद्धांताला दोघांचं नाव देऊ लागले. लुईसला ते रुचलं नाही. पुढे लँगम्यूरला १९३२ मध्ये नोबेल मिळालं, पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातल्या कामासाठी. लुईसला अनेक नामांकनं होऊनही ते कधीच मिळालं नाही. चांगली कल्पना वहीत १४ वर्षं ठेवली तर काय होतं, हा धडा ज्याचा त्याने घ्यावा.

लुईसच्या उत्तरात एक मोठं भोकही होतं. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, मग त्यांची जोडी का जमते? फार जवळच्या अंतरावर नेहमीचा विद्युत नियम लागू पडत नसावा, असं लुईसने सुचवून पाहिलं. ते चुकीचं ठरलं. जोडी मात्र बरोबर निघाली.

तारेचा प्रश्न

तिसरा रकाना सगळ्यात गमतीचा आहे, कारण त्यातलं उत्तर बंधासाठी दिलेलंच नव्हतं.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवला. तीनच वर्षांत, १९०० मध्ये, पॉल ड्रूडेने धातूच्या तारेत इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंसारखे मोकळे फिरतात असं धरून हिशोब मांडला. त्याला समजून घ्यायचं होतं की तारेतून वीज आणि उष्णता कशी जाते. ओहमचा नियम त्यातून निघाला. चांगले विद्युतवाहक उष्णतेचेही चांगले वाहक का असतात, हे वीडेमान आणि फ्रांझ यांनी १८५३ मध्ये नोंदवलेलं निरीक्षणही त्यातून निघालं, आणि आकडासुद्धा जवळ आला.

तो आकडा जवळ कसा आला, हे मात्र बघण्यासारखं आहे. ड्रूडेच्या हिशोबात २ पटीची एक चूक होती आणि ती नेमकी सोयीच्या बाजूला पडली. शिवाय त्याने धरलेली इलेक्ट्रॉनची विशिष्ट उष्मा खऱ्यापेक्षा सुमारे १०० पट जास्त होती आणि वेगाचा वर्ग सुमारे १०० पट कमी. दोन्ही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं. प्रयोगाशी आकडा जुळला म्हणजे कारणही कळलं असं नसतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

फट विशिष्ट उष्मेतूनच दिसली. इलेक्ट्रॉन खरोखर वायूसारखे असतील तर धातू तापवताना त्यांनीही आपला वाटा उष्णता घ्यायला हवी. साध्या तापमानाला धातूंची मोजलेली उष्मा मात्र अशी होती की जणू इलेक्ट्रॉन तिथे नाहीतच. वीज वाहायला हजर, उष्णता घ्यायला गैरहजर! हे कोडं जवळपास २५ वर्षं तसंच राहिलं.

आता आपल्या तक्त्यातलं 'इलेक्ट्रॉनचा समुद्र' आठवा. त्या चित्राचा उगम इथे आहे. पण धातू एकत्र का राहतो, हा ड्रूडेचा प्रश्नच नव्हता. धातूला बांधून ठेवणारी ऊर्जा पायापासून मोजण्याचं पहिलं मोठं काम १९३३ मध्ये प्रिन्स्टनला विग्नर आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी फ्रेडरिक साइट्झ यांनी सोडियम घेऊन केलं. चित्र १९०० चं, बंधाचा हिशोब १९३३ चा. मधली ३३ वर्षं तक्त्यात दिसत नाहीत.

१९२७ चं वर्ष

मग पुंजयामिकी आली आणि तिन्ही खोल्यांना एकच चावी लागली. १९२५ मध्ये पाउलीचा वर्जनाचा नियम आणि इलेक्ट्रॉनचं स्पिन या दोन्ही गोष्टी पुढे आल्या. १९२७ मध्ये झुरिकला २३ वर्षांचा हाइटलर आणि २७ वर्षांचा लंडन यांनी हायड्रोजनच्या रेणूचं गणित मांडलं. विरुद्ध स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांमध्ये विभागले गेले की ऊर्जा कमी होते, हे त्यातून दिसलं. त्यांना बंधाची ऊर्जा ३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जरा वर मिळाली. खरी किंमत ४.७ च्या आसपास आहे. आकडा कमी पडला, पण कारण सापडलं होतं. ड्रूडेच्या बरोबर उलटं!

त्याच सुमारास म्युनिकमध्ये सोमरफेल्डने नवी सांख्यिकी धातूतल्या इलेक्ट्रॉनना लावली आणि विशिष्ट उष्मेचं कोडं सुटलं. वर्जनाच्या नियमामुळे बहुतेक इलेक्ट्रॉनना वर सरकायला रिकामी जागाच नसते, म्हणून ते उष्णता घेऊ शकत नाहीत. १९२८ मध्ये लाइपझिगला फेलिक्स ब्लॉकने हायझेनबर्गच्या हाताखाली पीएचडी करताना स्फटिकाच्या आवर्ती जालकात इलेक्ट्रॉन कसे वावरतात ते दाखवलं. आपण आज ज्याला बँड सिद्धांत म्हणतो त्याची ही सुरुवात.

बघा, जोडी जमण्याचं कारण शोधताना जो वर्जनाचा नियम लागला, तोच तारेतल्या उष्मेचं कोडं सोडवायलाही लागला. मग खोल्या तीन कशाला?

कोपरे आणि मधली जागा

भिंती पाडायचं काम सुरूही झालं. १९३२ मध्ये पाउलिंगने विद्युतऋणतेचं मापन मांडलं आणि लुईसच्या त्या दोन टोकांमधल्या जागेला आकडे मिळाले. १९३९ मधलं आपलं रासायनिक बंधांवरचं प्रसिद्ध पुस्तक त्याने लुईसलाच अर्पण केलं. १९४१ मध्ये हॉलंडच्या व्हॅन आर्केलने तिन्ही बंध एका त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर ठेवले आणि पुढे केटेलारने ती मांडणी वाढवली. सीझियम फ्लुओराइड एका कोपऱ्यात, फ्लुओरिन दुसऱ्या, सीझियम तिसऱ्या. बाकी सगळे पदार्थ कडांवर किंवा मध्ये.

मधल्या जागेत कोण राहतं ते बघा.

कथील घ्या. सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या वर पांढरं कथील स्थिर असतं आणि ते सरळ धातू आहे. त्याखाली स्थिर असतं ते करडं कथील. त्याची रचना हिऱ्यासारखी, प्रत्येक अणूला चार शेजारी, आणि ते ठिसूळ. मूलद्रव्य तेच, इलेक्ट्रॉन तेवढेच. फक्त थंडी पडली आणि पदार्थ तक्त्यातला रकाना बदलून बसला.

ॲल्युमिनियम क्लोराइड घ्या. घन अवस्थेत प्रत्येक ॲल्युमिनियमभोवती ६ क्लोरिन असतात. वितळलं की त्याचे दोन-दोन ॲल्युमिनियमवाले रेणू होतात आणि ते द्रव वीज फारशी वाहून नेत नाही. "आयनिक पदार्थ वितळल्यावर वीज वाहतो" ही तक्त्यातली ओळ इथे उलटी पडते.

आणि टायटॅनियम कार्बाइड. रचना मिठासारखी. कठीणपणा सहसंयुज जाळ्यासारखा, द्रवणांक ३००० अंश सेल्सिअसच्याही वर. आणि वीज वाहतं धातूसारखं. मुलाखतीत हे आलं तर कुठला रकाना सांगाल?

मग सांगायचं काय?

तक्ता फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. परीक्षेला तो लागणारच, आणि कोपऱ्यातल्या पदार्थांसाठी तो छान चालतो. पण संशोधनात आपल्याला कोपऱ्यातला पदार्थ सहसा मिळत नाही. बॅटरीचं ऑक्साइड, सौरघटाचं पेरोव्हस्काइट, उष्णतेतून वीज काढणारं टेल्युराइड, सगळी मंडळी मधली आहेत. बहुतेक वेळा ती उपयोगी आहेत त्याचं कारणही हेच.

म्हणून "यात कोणता बंध आहे?" असं कुणी विचारलं तर रकान्याचं नाव घेऊन थांबू नका. आधी स्वतःला विचारा की मला या पदार्थाबद्दल समजून घ्यायचंय काय. तो किती ऊर्जेने बांधला गेलाय हे हवं असेल तर बॉर्न-हाबरच्या वाटेने जा आणि आयन धरून काढलेला आकडा प्रयोगाशी किती जुळतो ते बघा. जिथे जुळत नाही, तिथे सहसंयुज वाटा असण्याची शक्यता तपासा. अणूंची दिशा आणि कोन समजून घ्यायचे असतील तर लुईसची जोडी हाताशी घ्या. वीज वाहील का, हा प्रश्न असेल तर जोडी बाजूला ठेवा आणि बँड बघा. एकाच पदार्थाला तिन्ही वाटांनी जाता येतं आणि तिन्ही उत्तरं एकाच वेळी उपयोगाची असू शकतात.

आणि कुठलंही मॉडेल उचलताना ते कुणी, कधी आणि कोणत्या प्रश्नासाठी बनवलं होतं, एवढं तरी शोधून ठेवा. कोसेलचं मॉडेल कार्बनच्या साखळीला लावलं, किंवा ड्रूडेचं मॉडेल विशिष्ट उष्मेला लावलं, की ते कोसळणारच. त्यात मॉडेलचा दोष कमी आणि ते नको तिथे वापरणाऱ्याचा जास्त.

सरावासाठी एक काम देतो. तुम्ही ज्या पदार्थावर काम करणार आहात, किंवा करायची इच्छा आहे, त्याचं नाव कागदावर लिहा. खाली तीन ओळी लिहा: मीठवाला याला काय म्हणाला असता, रेघवाला काय म्हणाला असता, तारवाला काय म्हणाला असता. ज्या ओळीपाशी पेन अडेल, तिथून वाचायला सुरुवात करा. प्रस्तावात लिहिण्यासारखा प्रश्न तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.